शरदच्या दारातले गोटे

मार्तंड सोवनी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. खडी मुठीत दाबून ती टिकाऊ की ठिसूळ हे सांगायचा, रेतीची चिमूट जिभेवर ठेवून खाडीची की नदीची ते ओळखायचा. पार्ल्यात कुणाला अंगण करायचं असलं, गच्ची ओतायची असली, की माणसं संध्याकाळी त्याच्या ओटीवर यायची. त्याची बायको नीला चहा टाकायची आणि मार्तंड ऐसपैस बसून सांगायचा.

शेजारचा शरच्चंद्र रिसबूड गप्पा मारायला केव्हाही घुसायचा, पण सल्ला विचारायला कधी आला नव्हता.

दोघं गिरगावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. शरद मॅट्रिकला दोनदा नापास झाला आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत पडदे रंगवायला लागला. तेव्हा मार्तंडाला त्याची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर ती कीव त्याला आवडायची. पण चोपन्न साल उजाडेपर्यंत शरद सेट उभारणारा मोठा माणूस झाला. मार्तंडाच्या शेजारचाच प्लॉट घेऊन त्यानं बंगली बांधली, शिवाय पुढं पोर्चसुद्धा काढला. मार्तंड अजून सायकलवरच होता.

एका रविवारी शरदच्या दारात ट्रक आला. स्टुडिओत महालाचा सेट मोडला होता, आणि तिथल्या बागेसाठी आणलेले नदीतले पांढरे गोटे मालकांनी शरदला देऊन टाकले होते. त्यानं ते मोगऱ्याच्या वाफ्यांभोवती पसरले. बाग अशी काही उठून दिसायला लागली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची.

"काय देखणं केलंय हो!" नीला कुंपणाशी उभी राहून म्हणाली. "आपलं मेलं सगळं काळंच."

मार्तंडाच्या अंगणात लाल मुरुमावर काळी फोडीव खडी होती, जड धुम्मसानं ठोकून घट्ट बसवलेली. सहा वर्षांत एक खडा जागचा हलला नव्हता. ते बायकोला दिसत नव्हतं, आणि शेजारचे चार गोटे दिसत होते.

दोन दिवसांनी शरद आला. येता येता स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून नीलाला काहीतरी बोलला, आणि ती हसत सुटली. मग तो ओटीवर येऊन बसला.

"मार्तंड, मॉरिस गाडी घेतोय. जुनीच आहे रे. फाटकापासून पोर्चपर्यंत हेच गोटे टाकले तर? पुष्कळ उरलेत. मला यातलं काही कळत नाही, तू सांग."

मार्तंडाला उत्तर तोंडपाठ होतं. गोल गोटा गोट्यावर ठरत नाही, सरकतो. तो वाफ्याच्या कडेला शोभतो. चाकाखाली आणि पायाखाली हवी फोडीव खडी. तिचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि फटींत बारीक कच भरली की जमीन दगडासारखी होते. एवढंच सांगायचं होतं. पण आत नीला अजून हसत होती. आपल्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली होती ते त्याला आठवेना.

"टाक की," तो म्हणाला. "झकास दिसेल."

"टिकेल ना?"

"न टिकायला काय झालं?"

मॉरिस आली आणि पहिल्याच दिवशी तिची मागची चाकं गोट्यांत रुतून जागच्या जागी फिरायला लागली. मार्तंड खिडकीच्या गजांआडून बघत होता. बरं वाटलं त्याला. पण शरद चिडेल, कपाळाला हात लावील, तर तसं काही नाही. तो हसतच उतरला, दोन माणसांना बोलावून गाडी ढकलली, आणि रोज संध्याकाळी फावड्यानं गोटे सारखे करायला लागला. हा माणूस रडत का नाही, या विचारानं मार्तंडाला जेवण गोड लागेना.

पंधरवड्यानं, एका सकाळी, दाढी करताना मार्तंडाला गोटे घसरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. शरदची आई, माणिकमावशी, फाटकाशी दूधवाल्याकडे निघाली होती. मार्तंड अर्ध्या दाढीनिशी धावला. सत्तरीची बाई गोट्यांत आडवी पडली होती, आणि तिचा उजवा हात मनगटातून वाकडा झाला होता. गिरगावात याच हातानं तिनं शरदबरोबर त्यालाही कितीदा वाढलं होतं. शरद आणि त्यानं मिळून तिला उचललं, गाडीत घातलं. हात प्लास्टरमध्ये गेला.

चार दिवस मार्तंड तिकडे फिरकला नाही. शेवटी नीलानंच ढकलून पाठवलं. मावशी खाटेवर एकटीच बसली होती.

"मावशी," तो म्हणाला, "ते गोटे टाकायला मीच..."

"ठाऊक आहे."

"शरद बोलला?"

"शरू एवढंच म्हणाला, मार्तंडाला विचारून टाकलेत. मग परवा मी कुंपणावरून तुझं अंगण बघितलं. तिथं एक गोटा नाही. मार्तंडाला दगड कळत नाही असं कसं म्हणू?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाटलं, आज ना उद्या तूच येशील सांगायला."

मार्तंडाला मान वर करवेना. "त्याला सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? तुला तोंड नाही?"

शरद स्टुडिओतून आला तेव्हा मार्तंड फाटकाशीच उभा होता. त्यानं सगळं सांगितलं.

"मुद्दाम?" शरदनं विचारलं.

"हो. तुझं बघवत नव्हतं."

शरदचा चेहरा उतरला. "आई पडली रे, मार्तंड," एवढंच बोलून तो आत गेला.

शनिवारी मार्तंडानं खाणीवर जाऊन स्वतः पारखून खडी आणली, मुरूम आणला. शरदनं फाटक उघडून दिलं. मार्तंडानं गोटे उपसून बाजूला लावले, वीतभर खणलं, मुरूम पसरला, पाणी मारलं, धुम्मस हाणली. ओव्हरसियर झाल्यापासून त्यानं ती हातात धरली नव्हती. तळहाताला फोड आले. दुसऱ्या रविवारी वर खडी चढली, तेव्हा शरद पोर्चमधून उतरला आणि एक घमेलं उचलून कच टाकायला लागला. दिवसभर दोघं राबले.

काम झाल्यावर मावशी प्लास्टरचा हात सांभाळत फाटकापर्यंत जाऊन आली. तिचा पाय कुठं डगमगला नाही.

"शरदराव, छान झालंय हो!" रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं.

शरदचं कौतुक ऐकून मार्तंडाला पुन्हा ते जुनं झोंबलं. यावेळी त्यानं ते ओळखलं, आणि तो खाली बघून झाडू मारत राहिला.

मावशीचं मनगट जरासं वाकडंच बसलं. पुढं कुंपणावरून बोलणं सुरू झालं, पण हाक न मारता ओटीवर येऊन बसणं शरदनं सोडलं ते सोडलंच. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन तो आला तेव्हा दारातच थांबला, आणि मार्तंडानं "आत ये रे" म्हटल्यावर मग चपला काढल्या.