नायी म्हणजे नाही

एकोणीसशे शहात्तर साल. शिस्तीचे दिवस होते. माणसं शिस्तीत आली असं वरून कळवण्यात आलं, तेव्हा साहजिकच कुत्र्यांचा नंबर लागला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर, श्वान-नियंत्रण खात्याचं पत्रक चिकटलं. पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात खात्याचा पितळी बिल्ला हवा. बिल्ला नसलेलं कुत्रं बेवारस समजून त्याचा निकाल लावला जाईल. शिवाय मालकांनी आपल्या श्वानास चांगले वळण लावावे, रात्री भुंकू देऊ नये आणि चावण्यापासून परावृत्त करावे. 'परावृत्त' म्हणजे काय, हे माझ्या ओट्यावर शिकायला येणाऱ्या मुलांना समजावता समजावता माझी सकाळ गेली. कुत्र्यांना ते कोणी समजवायचं, हे पत्रकात नव्हतं. तरी गल्लीतली कुत्री खांबापाशी आली, त्यांनी पत्रक हुंगलं आणि एक पाय वर करून आपापला अभिप्राय नोंदवला.

शेजारच्या खोलीत नागव्वा राहायची. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर ती सोलापूरला मुलाकडे आली, तेव्हा तिच्या बैलगाडीमागं चालत एक काळं कुत्रंही आलं. त्याचं नाव करिया. आमची गल्ली तेलुगू विणकरांची, नागव्वाला येई ते फक्त कन्नड. तिला कन्नडमध्ये उत्तर देणारे आम्ही दोघंच, मी आणि तिचा मुलगा रुद्रप्पा. रुद्रप्पा गिरणीतून येऊन झोपायचा, मी मुलांत गुंतलेला. तिचं सगळं बोलणं सवडीनं ऐकणारा करिया तेवढा होता.

खात्याचे निरीक्षक कुत्र्यांची नोंद करायला आले, त्या दिवशी मी घरी नव्हतो. काय झालं ते मुलांनी मला पुष्कळ मागाहून, करियाला नेल्यावर सांगितलं. साहेब नुकतेच साताऱ्याकडून बदलून आलेले. त्यांनी दारातून विचारलं, "आजी, घरात कुत्रं?"

'कुत्रं' हा शब्द नागव्वाला ठाऊक होता. दाराआड झोपलेल्या करियाकडे बोट करून ती म्हणाली, "नायी."

कन्नडमध्ये नायी म्हणजे कुत्रं. साहेबांनी लिहिलं : नाही. आणि पुढच्या घरी गेले.

गल्लीत बिल्ले वाटले गेले. करियाला मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात खात्याची गाडी आली आणि भरदुपारी करियाला चिमट्यात धरून घेऊन गेली. नागव्वा गाडीमागं अनवाणी वेशीपर्यंत पळाली. परत आली ती माझ्या ओट्यावर बसली. "मास्तर," ती कन्नडमध्ये म्हणाली, "तो माझ्यामागं एवढ्या लांब आला. मला वेशीच्या पुढं जाता आलं नाही."

मुलांना सुट्टी देऊन मी तिच्याबरोबर कचेरीत गेलो. मागच्या अंगणात पिंजरे होते. पिंजऱ्याशी चिमटेवाला सिदू बसला होता. त्याची आई अक्कलकोटची, त्यामुळे नागव्वाचं बोलणं त्याला कळत होतं.

"गुर्जी, लवकर आत जावा," तो हळूच म्हणाला. "आज धरल्याली समदी उद्या सकाळी लाडू खानार हायेत. लाडवात काय असतंय ते इचारू नगा."

साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली आणि वही उघडली. "हे पाहा गुरुजी. या घरात कुत्रं नाही. बाईंनी स्वतः सांगितलंय."

"साहेब, कन्नडमध्ये नायी म्हणजे कुत्रं."

"असेल. पण कचेरीचं काम मराठीत चालतं. या कचेरीत नायी म्हणजे नाही."

"मग जे कुत्रं नाही, ते तुम्ही धरलं कसं?"

साहेबांनी वही मिटून बाजूला सारली. "आता तुम्ही नवीन कुत्रं म्हणून नोंद करू शकता," ते म्हणाले. "मात्र उत्तरं मालकानं स्वतः द्यायची. तुम्ही मधे सांगायचं नाही. दुभाष्याची तरतूद नाही."

सिदूनं करियाला दोरीनं बांधून आत आणलं. नागव्वाला पाहून करियाची शेपटी टेबलाच्या पायावर आपटू लागली. साहेबांनी छापील कागद पुढे ओढला, लेखणीनं कुत्र्याकडे खूण केली आणि विचारलं, "चावतं का?"

हे काय आहे असं साहेब विचारताहेत, असं नागव्वाला वाटलं. ती म्हणाली, "नायी."

साहेबांनी लिहिलं : नाही.

"रात्री भुंकतं का?"

"नायी री, नायी!" कन्नडमधलं आदराचं 'री' लावून ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं : नाही, आणि खाली रेघ मारली. सिदू भिंतीकडे तोंड करून खोकू लागला.

"कधी पिसाळलं होतं का?"

नागव्वानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, या माणसानं कधी कुत्रं बघितलेलंच नाही का?" असं कन्नडमध्ये पुटपुटून तिनं साहेबांच्या तोंडाजवळ वाकून, बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "ना-यी!"

"बरं बरं, नाही. ओरडू नका," साहेब म्हणाले. मग त्यांना तिची दया आली असावी. कागद बाजूला ठेवून त्यांनी साध्या बोलीत विचारलं, "शेवटचं सांगा आजी. हे कुत्रं तुमचंच हाय ना?"

सिदूचा खोकला थांबला. तिचं उत्तर काय येणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि कचेरीत त्याचा अर्थ काय होणार तेही.

मुलांच्या पाट्या समोरून उलट्या वाचण्यात माझा जन्म गेला. टेबलावरचा कागद मी तसाच वाचला आणि नागव्वाचं तोंड उघडायच्या आत बोललो.

"साहेब, मी उत्तर सांगत नाही. पण प्रश्न छापलाय तसाच वाचावा. शासकीय प्रश्न आपल्या मनानं बदलता येतो का?"

साहेब दचकले. त्यांनी कागद उचलला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सदर श्वान अन्य कोणाच्या मालकीचे आहे काय?"

"नायी!" नागव्वा कडाडली.

साहेबांनी लिहिलं : नाही. मग सही केली, शिक्का मारला आणि खणातून बिल्ला काढला. "अशी कुत्री पाळली पाहिजेत," ते मला म्हणाले. "चावत नाही, भुंकत नाही. सगळ्या शहराला दाखवण्यासारखं जनावर आहे."

बिल्ला आपल्याच हातानं बांधावा म्हणून ते खाली वाकले. करियानं आधी कचेरी दणाणेल असं भुंकून घेतलं आणि मग साहेबांच्या विजारीचा पाय दातांत धरला.

"सिदू! अरे, चावतंय हे!"

"न्हाय सायेब," सिदू जागचा न हलता म्हणाला. "त्ये चावत न्हाय. आत्ताच लिवलंय की तुमी."

करियानं मानेला हिसडा दिला. विजार टरकन फाटली. एका पायावर नाचत साहेब नागव्वाकडे बोट करून ओरडले, "अहो बाई, काय आहे हे? काय आहे?"

दोरी हातात घेऊन नागव्वा दाराकडे निघाली होती. ती थांबली, आणि मंद मुलाला शेवटचं सांगावं तशा शांतपणे म्हणाली, "नायी."