दाराचं दुसरं टोक

"उतरतेस, की तुला उचलून नेऊ?" क्सेनिया गाडीचं दार धरून उभी होती. "गुडघे माझेही गेलेत, पण तुझ्यासाठी प्रयत्न करीन."

"बाहेर डास आहेत गं."

"जन्मभर चावलेत. आजच कुठले नवीन आले?"

डासांचं निमित्त होतं. समोर आमच्या गावाचं जुनं चर्च होतं. प्रार्थनेला माणसं उरली नाहीत, तेव्हा गावाने त्याचं वस्तुसंग्रहालय केलं. जुना देश सोडून कॅनडाच्या या माळरानावर जे पहिल्यांदा आले, ज्यांनी इथली जमीन फोडली, त्यांचे नांगर, पाळणे, दळायची जाती असं सगळं तिथे आणून मांडलं. गावातल्या प्रत्येक म्हातारीने आत जाऊन आपापल्या सासूची भांडी ओळखली होती आणि त्यांना नावंही ठेवून झाली होती. मी तेवढी गेले नव्हते. आत ते दार ठेवलंय असं कानावर आलं होतं. दार म्हटलं की पाटी आली, आणि पाटी म्हटली की माझ्या बाबांचं नाव.

पण सोमवारी माझ्या पणतीचा वर्ग तिथे सहलीला जाणार होता. ती नुकतीच वाचायला शिकलीय. दुकानाची पाटी असो की साबणाचं वेष्टन, दिसेल ते मोठ्याने वाचते. दारचोराची पोर म्हणून मी शाळेत जे ऐकलं ते तिने सगळ्या वर्गासमोर वाचावं, ही कल्पना मला सहन होईना. काय लिहिलंय ते आधी बघायचं, वाईट असेल तर सोमवारी तिला घरी ठेवायचं, असं मी ठरवलं होतं.

हे दाराचं प्रकरण आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी लहान असताना गावात भांडण पेटलं. चर्च सगळ्यांनी मिळून बांधलेलं. निम्मे म्हणाले, आम्ही कॅथलिक, चर्च आमचं. निम्मे म्हणाले, आम्ही ऑर्थोडॉक्स, चर्च आमचं. कॅथलिकांनी दाराला कुलूप घातलं, तर आमच्या ऑर्थोडॉक्सांनी त्याच्या वर दुसरं घातलं. पुढे थंडीत योर्दानचा सण आला. त्या दिवशी गोठलेल्या तळ्यावर बर्फाचा क्रूस कोरून पाणी मंत्रतात, पण आधी चर्चमध्ये प्रार्थना व्हावी लागते. दोन्हीकडचे कुऱ्हाडी परजून बसले होते. सणाच्या सकाळी लोक गेले तर चर्चला दारच नव्हतं. दोन्ही कुलुपांसकट ते बिजागऱ्यांवरून उचलून नेलं होतं.

ते सापडलं आमच्या कोठारात, गवताखाली. बाबांनी हो किंवा नाही काहीही म्हटलं नाही. कॅथलिकांच्या बाजूचा पुढारी पेट्रो स्तेत्स्युक. तो आणि बाबा एकाच जहाजातून, एकाच फळीवर झोपून इकडे आलेले. त्यानेच दावा लावला. बाबा महिनाभर शहरातल्या तुरुंगात राहून आले. चर्च कॅथलिकांकडे गेलं. आमच्या लोकांनी रस्त्यापलीकडे दुसरं बांधलं. त्या नव्या चर्चमध्येही लोक बाबांपासून जरा बाजूलाच सरकून बसत, कारण देवाचं दार काढणारा माणूस आपल्या बाजूचा असला तरी त्याची भीती वाटतेच.

क्सेनिया कॅथलिकांची. लहानपणी आम्हाला एकमेकींशी बोलायची बंदी होती. आता वृद्धाश्रमात आमच्या दोघींच्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि ती माझ्या घोरण्यावरून माझ्याशी भांडते.

"चल बाई," मी म्हटलं आणि उतरले.

आत मेणाचा वास अजून होता. काम बघायला ओरिस्या होती, पेट्रो स्तेत्स्युकची नात. साठीची, दणकट बाई. मला पाहून तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तेक्ला आजी, तुम्ही? चहा ठेवू?"

"आधी बघू दे."

मी दूध घुसळायचं यंत्र बघितलं. लग्नातला मुकुट बघितला. मेंढीच्या कातड्याचा कोट बघितला, त्याला कसर लागली होती. सगळं नीट बघत होते, म्हणजे कोपऱ्यापर्यंत पोचायला उशीर व्हावा. ते दार कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं होतं. मला आठवत होतं त्याहून रुंद. दोन्ही कुलुपं अजून लटकत होती. बाजूला खिळ्याला पुठ्ठ्याची पाटी.

पर्स चाचपली. चष्मा नव्हता.

"क्सेनिया, वाच."

ती पाटीला नाक लावून उभी राहिली, घसा साफ केला. "'दानिलो हरासिम या दुष्ट ऑर्थोडॉक्स माणसाने हे दार पळवलं. त्याची मुलगी तेक्ला अजून जिवंत असून रात्री रेल्वेगाडीसारखी घोरते.'"

"देवाच्या घरात तरी खरं बोल."

"घोरण्याचं खरं आहे."

माझा चेहरा बघून ओरिस्या पुढे आली. तिने पाटी खिळ्यावरून काढून हातात घेतली आणि सावकाश वाचली. "'चर्चचं पहिलं दार. गावकऱ्यांनी हातांनी घडवलेलं. कुलुपं दोन्ही बाजूंची. वादाच्या हिवाळ्यात हे दार दानिलो हरासिम यांच्या कोठारात जपून ठेवलं होतं.'"

"पुढे?"

"एवढंच आजी."

मी जवळच्या बाकावर बसले. चोरी नाही, तुरुंग नाही. जपून ठेवलं होतं. सोमवारी पोरगी हे कितीही मोठ्याने वाचो. माझ्या खांद्यांवर इतकी वर्षं काहीतरी होतं, ते आता नव्हतं, आणि खांद्यांना कळेना आपण काय करावं.

"तुझ्या आजोबांनी दावा लावला होता," मी म्हटलं. "त्यांची नात असून तू असं लिहिलंस?"

ओरिस्याने क्सेनियाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे दार इथे आणून उभं केलं ना, तेव्हा तीन तगडे गडी लागले. आणि माझा पुतण्या बैल आहे अक्षरशः. आजी, तुमचे बाबा केवढे होते?"

"माझ्याएवढेच."

"मग एकट्याने कसं नेलं?"

हा प्रश्न आमच्या गावात कुणालाही, कधीही पडला नव्हता. न्यायाधीशालाही नाही. गावात एक बाजू शिव्या द्यायला बसली होती आणि दुसरी गप्प राहायला. मोजमाप कोण घेणार?

"आजोबा गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते," ओरिस्या म्हणाली. "तापात एकच बडबड. 'दानिलो, तुझं टोक खाली जातंय. उचल. कुलुपं वाजतायत, धर.' मला वाटलं, भ्रमिष्ट झाले. एकदा जरा शुद्धीवर आले तेव्हा मी विचारलं. म्हणाले, 'दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालल्या असत्या. दारच नाही म्हटल्यावर तोडणार काय?' पण दार गेलं म्हणजे कुणीतरी चोर हवाच. चोर कोणी व्हायचं, यासाठी दोघांनी लहान-मोठ्या काड्या ओढल्या म्हणे. तुमच्या बाबांची लहान निघाली."

क्सेनियाने डोक्यावरचा रुमाल सोडून परत बांधला. "आणि त्याने वर दावाही लावला? काय निर्लज्ज म्हातारा."

"लावला नसता तर आमच्याच लोकांनी त्यांना फाडलं असतं."

"ते खरं," क्सेनिया म्हणाली. "माझ्या आईने आधी फाडलं असतं."

मला हसू आलं. मग क्सेनियाला आलं. ती हसायला लागली की खोकते, म्हणून ओरिस्याने तिला पाणी दिलं. तेवढ्यात ओरिस्याने विचारलं, पाटीवर आजोबांचं नावही घालू का. संग्रहालयाच्या समितीत तिचे दोन चुलते आहेत, ते तिच्याशी बोलणं टाकतील, पण ती घालायला तयार होती.

मी विचार केला. "चुलते जिवंत आहेत तोवर राहू दे. बाबांनी आणि तुझ्या आजोबांनी झाकून ठेवलंय, आपण कशाला घाई करायची? नंतर घाल."

परतताना क्सेनिया गाडी चालवत होती आणि तोंडही. मी ऐकत नव्हते. धान्याच्या कोठीपुढची रांग आठवत होती. बाबा तुरुंगातून आल्यानंतरचा शरद ऋतू, गव्हाने भरलेल्या गाड्या, आणि मी आमच्या गाडीवर पोत्यांच्या वर बसलेली. आमच्या गाडीच्या मागे स्तेत्स्युकची गाडी लागली होती. सगळं गाव बघत होतं, म्हणून बाबा आमच्या गाडीच्या मागच्या चाकाशी आणि तो त्याच्या घोड्याच्या तोंडाशी एकमेकांकडे पाठ करून उभे होते, अनोळखी असल्यासारखे. मग बाबांनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली, स्वतःची चिलीम भरली, आणि मान न वळवता पिशवी धरलेला हात पाठीमागे नेला. मला वाटलं, हात अवघडला असेल. मागून एका हाताने ती पिशवी घेतली. बराच वेळ बाबा मोकळा पंजा तसाच मागे धरून समोर कोठीकडे बघत राहिले. पिशवी परत त्यांच्या हातावर आली, तेव्हा त्यांनी न बघताच ती खिशात ठेवली आणि घोड्यापाशी जाऊन त्याला एक पाऊल पुढे घेतलं.