भिंतीकडेची वाटी

ओकबुनने तिसऱ्या वाटीतल्या पाण्यात करंगळी बुडवली, ती जिभेवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. समोर तिची सून हेरिम मांडी घालून बसली होती. वाट्यांच्या बुडाला हेरिमने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि उत्तर आल्याशिवाय वाटी उचलायची नाही, असा नियमही तिनेच केला होता.

"ही सॅकरिन," ओकबुन म्हणाली.

"इतक्यात ओळखलीत?"

"साठ वर्षांची ओळख आहे आमची. जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी असते ती. गोडी निघून जाते आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी कडवट बसून राहतं."

"आणि पहिली?"

"साखर. येते, बसते, वेळेवर उठून जाते. दुसरी तुझी ती वेलीवरच्या फळाची पूड. आधी काही लागतच नाही, घोट खाली उतरला की पाठीमागून हाक मारते."

हेरिमने एकेक वाटी उचलून बुडाची चिठ्ठी पाहिली आणि ती हसली. शहरातल्या रुग्णालयात कोणत्या रोग्याने काय खायचं ते ठरवणं हे तिचं काम. सणासाठी ती दोन दिवस आधीच या डोंगरातल्या गावी आली होती, आणि आल्या आल्या तिने सासूच्या फडताळातली साखरेची बरणी उचलून गाडीत ठेवली होती.

"मग उद्याच्या शिख्येत ही फळाची पूड घालू या. कडू लागत नाही, आणि तुमच्या रक्तातली साखरही वाढत नाही."

"तांदळाची काकवी घाल की. आपल्याच शेतातल्या तांदळाची आहे. माझी सासू तर औषध म्हणून चाटवायची."

"रक्ताला शेत कळत नाही, आई. काकवी काय, मध काय, आत गेलं की साखरच."

ओकबुनने चुलीकडे पाहिलं. चुलीशेजारच्या पातेल्यात मोड आलेल्या सातूचं पाणी निवळायला ठेवलं होतं. ते वरचं नितळ पाणी भातावर ओतायचं, दिवसभर कोमट ठेवायचं, आणि शितं हलकी होऊन वर तरंगायला लागली की गोड घालून उकळायचं. शिख्ये हे सणाचं गोड पेय करायची ही रीत तिच्या हातांना डोळे मिटूनही येत होती. प्रश्न फक्त गोड कशाने करायचं, हा होता. आणि तो तिला आजचा नव्हता.

शेजारची चुनशिम चेस्टनटची टोपली घेऊन आत आली आणि वाट्यांकडे पाहून दारातच थबकली.

"काय गं, विष चाखून बघतेस की काय?"

"सून परीक्षा घेतेय माझी."

"पास झालीस?"

"पास झाल्या," हेरिम म्हणाली. "पण ऐकत नाहीत. बाबांच्या पानावर साखरेचंच शिख्ये हवं म्हणतात."

"मग वाढा की! मेलेल्या माणसाला कसली आलीय मधुमेहाची भीती?"

"काकू, बाबांच्या पानावरची वाटी मागाहून कोण पितं? आईच ना? गेल्या वर्षी त्या ती वाटी प्यायल्या आणि आकडा तीनशेच्या वर गेला."

चुनशिमने टोपली खाली ठेवली. "म्हणजे खायचं त्याने आणि सोसायचं हिने. जिवंत होता तेव्हाही तसंच होतं म्हणा."

दोघी म्हाताऱ्या हसल्या. ओकबुन आधी थांबली. तिने उठून तिन्ही वाट्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडून ठेवल्या.

"त्या कशाला तिथे?" हेरिमने विचारलं.

"असू दे. माझीही एक परीक्षा आहे."

दुपारी ती खिडकीशी गेली तेव्हा मुंग्या आल्या होत्या. चौकटीच्या भेगेतून निघालेली काळी रेघ पहिल्या वाटीशी जाऊन तिच्याभोवती फिरली होती. दुसरीकडे आणि तिसरीकडे एकही वळली नव्हती. जिभेला एक वेळ फसवता येतं. ओकबुनने हातातल्या फडक्याने खिडकी न पुसता फडकंच घडी करून ठेवलं.

तिच्या नवऱ्याचा, दोकसूचा, आजारही मुंग्यांनीच सांगितला होता. तेव्हा या घरात संडास अंगणापलीकडे होता आणि हिवाळ्यात रात्री खोलीतच भांडं ठेवायची पद्धत होती. एका सकाळी ओकबुन भांडं उचलायला वाकली तर त्याच्या काठावर मुंग्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिने नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, मी किती गोड माणूस आहे ते मुंग्यांनाही कळलं. तुलाच तेवढं कळत नाही." पुढल्या आठवड्यात डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहून दिला.

आणि साखरेचं वेड त्यालाच. लहानपण सॅकरिनवर गेलं होतं त्याचं. उकडलेल्या मक्यात सॅकरिन, सणाच्या शिख्येत सॅकरिन, आजारी पडलं तरी कोमट पाण्यात चिमूटभर सॅकरिन. त्या काळी साखर ही सणाला भेट द्यायची वस्तू होती, रोज खायची नव्हे. लग्नानंतर चौथ्या वर्षी लाकूड वखारीच्या मालकाने त्याला सणाची म्हणून साखरेची पिशवी दिली, तेव्हा तो ती पोटाशी धरून बर्फातून दोन डोंगर चालत आला होता. घरात आल्यावर कोट काढायच्या आधी त्याने पिशवीचा कोपरा फाडला, बोट बुडवलं आणि ते आधी ओकबुनच्या तोंडात घातलं. बर्फासारखं गार बोट, आणि त्यावर ती गोडी. पन्नास वर्षांनंतरही ते बोट तिला आठवत होतं, चेहरा पुसट होत चालला तरी.

त्याच माणसाला तिने पुढे अकरा वर्षं साखर दिली नाही. बरण्या लपवल्या, शेजाऱ्यांना ताकीद दिली, पाहुण्यांनी आणलेले डबे परत पाठवले. त्याच्यासाठी म्हणून सॅकरिन घरात पुन्हा आलं.

शेवटच्या शरदात तो आतल्या खोलीत पडून असायचा. एक दिवस म्हणाला, "शिख्ये कर. खरं. साखर घालून. एकच वाटी."

तिने केलं. काशाच्या वाटीत ओतून, वर तीन चिलगोजे टाकून त्याच्या हातात दिलं.

"साखर आहे ना?" त्याने विचारलं.

"साखरच आहे. प्या."

तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मनगटाने तोंड पुसलं. वाटी मात्र तिच्या हातात दिली नाही. कुशीवर वळून त्याने ती भिंतीकडेला जमिनीवर ठेवली आणि तसाच पडून वाटीकडे बघत राहिला. ओकबुन उचलायला गेली तर म्हणाला,

"राहू दे. उद्यापर्यंत असू दे तिथेच."

वाटी तिथेच राहिली. संध्याकाळ झाली तरी तो वाटीकडेच बघत होता. सकाळी म्हणाला, "ने आता." एवढंच. तिसऱ्या दिवशी तो गेला. दिवसकार्य आटोपून भांडी घासायला बसल्यावर काशाची वाटी तिच्या हातात आली, आणि तेव्हा कुठे तिला कळलं की तो काय बघत पडला होता. रात्रभर उष्टी पडून होती वाटी. एकही मुंगी आली नव्हती.

त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी तिने पितरांच्या पानावर साखरेचं शिख्ये ठेवलं, दुसऱ्या वर्षीही. पान उचलल्यावर दोन्ही वेळा प्यायली तेव्हा ते गोड होतं, ठेवलं होतं तेवढंच गोड. त्याने तोंड लावलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्या हातचं पुन्हा कोण घेईल?

चुनशिम निघाली तेव्हा ओकबुन तिला पोचवायला फाटकापर्यंत गेली.

"मूठभर साखर दे आणून," ती हळूच म्हणाली. "औषधाच्या पुडीत बांधून."

"सुनेला चोरून? या वयात?"

"एकाच वाटीपुरती."

चुनशिमने तिच्याकडे नीट पाहिलं आणि थट्टा पुढे नेली नाही.

चुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. आतल्या खोलीत पूर्वजांचं पान मांडून झालं. नव्या तांदळाच्या मोदकांसारख्या वड्या, नासपती, सुकी बोरं, मासा, भात. इतर घरांत पानावर शिख्येतली नुसती शितं निथळून ठेवतात. या घरात दोकसूच्या आईपासून भरलेली वाटी ठेवायची रीत होती. पातेल्यातलं शिख्ये हेरिमने फळाच्या पुडीनेच गोड केलं होतं. पूड घालून उकळायच्या आधी ओकबुनने त्यातलं एका वाटीपुरतं बाजूला काढून ठेवलं होतं. आता सगळे बाहेर कपडे बदलत असताना तिने पुडी सोडली, साखर काशाच्या वाटीत ओतली आणि ती पूर्ण विरेपर्यंत ढवळली. करंगळी बुडवून चाखली. आली, बसली, उठून गेली. साखरच होती.

मुलाने, ग्वांगजेने, दारू ओतली, भातात चमचा उभा खोवला, सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकलं. मग सगळे खोलीबाहेर आले आणि त्याने कागदी दार ओढून घेतलं. आलेल्या पितरांना निवांत जेवता यावं म्हणून नऊ घासांएवढा वेळ दार लावून बाहेर थांबायचं. पुष्कळ घरांनी सणाच्या सकाळी हे करणं सोडून दिलं होतं. दोकसूने सोडलं नव्हतं, म्हणून ग्वांगजेही सोडत नव्हता.

ओसरीत सगळे मान खाली घालून उभे होते. ओकबुन मनात घास मोजत होती. चौथ्या घासाला आत काहीतरी हलकेच टेकलं. काशाचं भांडं जमिनीवर ठेवताना होतो तसा आवाज, एकदाच.

तिने हेरिमकडे पाहिलं. हेरिमही दाराकडे बघत होती.

"मांजर तर नाही ना आत?" ग्वांगजे कुजबुजला.

"गप्प उभा राहा," ओकबुन म्हणाली. "वडील जेवताहेत तुझे."

नऊ घास झाले. ग्वांगजेने रीतीप्रमाणे तीनदा खाकरून दार सरकवलं. पान होतं तसंच होतं. काशाची वाटी होती तिथेच, काठोकाठ भरलेली, वर तीन चिलगोजे. मांजर नव्हतं. ग्वांगजेने हसल्यासारखं केलं आणि चमचा काढून घेतला.

पान उतरवून सगळे तिथेच प्रसादाला बसले तेव्हा ओकबुनने ती वाटी स्वतःकडे ओढली. हेरिमने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"दोनच घोट, आई."

"का? तुझीच पूड आहे ना यात?"

"मी स्वयंपाकघराच्या दारात होते मघाशी." हेरिमचा आवाज खाली गेला. "पुडी पाहिली मी. त्यांच्यासाठी होती, म्हणून बोलले नाही. पण तुम्ही दोनच घोट घ्यायचे."

ओकबुनने घोट घेतला. तो तोंडात धरून ठेवला. मग दुसरा घेतला आणि वाटी सुनेपुढे केली.

"तू बघ."

हेरिमने चाखलं. पुन्हा चाखलं. सातूचा वास होता, आल्याचा होता, थोडा आंबूसपणाही. बाकी ते विहिरीच्या पाण्यासारखं होतं.

"ढवळायची राहिली का साखर?" तिने चमच्याने तळ खरवडला. तळाशी शितं होती, दुसरं काही नव्हतं. "आई, तुम्ही साखरच घातली होती ना?"

 ओकबुन सुनेच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"अगं बाई, मुंग्या!" हेरिम वळून म्हणाली. "आणि आजच्या दिवशी!"

उंबऱ्याच्या फटीतून निघालेली काळी रेघ पानाच्या बाजूला वळलीच नव्हती. वड्या आणि फळं सोडून ती तेल पाजलेल्या पिवळ्या जमिनीवरून सरळ पलीकडच्या भिंतीकडे गेली होती, दोकसूचं अंथरूण असायचं तिथे. आणि तिथल्या कोरड्या जमिनीवर मुंग्यांनी एक वर्तुळ धरलं होतं. काशाच्या वाटीच्या बुडाएवढं. मध्ये काहीच नव्हतं.

"इथे कुणी काही सांडलं का?" म्हणत हेरिम फडकं घेऊन उठली आणि भिंतीशी खाली बसली. तिने जमिनीला बोट लावून पाहिलं. बोट कोरडंच आलं. ती मागे वळून सासूकडे बघायला लागली.

ओकबुनने मनगटाने तोंड पुसलं.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्यापर्यंत असू दे तिथेच."