भाजलेले तीळ

बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या त्या वस्तीवर पाण्याचा थेंब मिळत नव्हता, पण गहिनीनाथच्या पायातून तीळ निघत होते. बघायला तीन गावं लोटली होती. पाय भोपळ्यासारखा सुजलेला, त्याला पाच-सहा भोकं. रंभाजी भगत त्यावर भंडारा चोळायचा, "निघ भवाने" म्हणत दाबायचा. गहिनीनाथ गुरासारखा ओरडला की भगताच्या मुठीत काळे तीळ.

"करनी हाय," भगत म्हणाला. "ह्या पायात सुई कुनी घातली हुती?"

सुई केशरबाईनं घातली होती. दोन वर्षांमागं कुंपण घालताना गहिनीनाथच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो तिनंच कोरून काढला होता. एकटी विधवा बाई, घरात तिळाचं गाडगं. गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

गहिनीनाथच्या भावानं, मच्छिंद्रनं, तिला केसांना धरून फरफटत आणलं. कुणी दगड घातला, कुणी काठी. तिचे दोन दात पडले. मच्छिंद्रनं कुऱ्हाड उचलली.

"खा तुझं तीळ," म्हणत भगतानं मूठ तिच्या तोंडावर मारली. फुटल्या ओठाला तीळ चिकटले. जन्म तीळ पाखडण्यात गेलेला, तिनं सवयीनं चावून पाहिले.

"मच्छिंदर," ती रक्त थुंकून म्हणाली, "हे भाजल्यालं हायेत. तुज्या भावाच्या पायात चूल हाय का रं?"

मच्छिंद्रनं एक तीळ चावला. उचललेली कुऱ्हाड त्यानं खाली टाकली. भगतानं आपल्या कमरेची साखळी बाईच्या पाठीत हाणली, तोवर मच्छिंद्रनं त्याची भंडाऱ्याची पिशवी हिसकून उलटी केली. हळदीतून पावशेर तीळ सांडले.

मग भगत मार खाऊ लागला. काठ्या त्याच, पाठ बदलली. अक्कल काही कुणाला आली नव्हती.

देवी टोचायला आलेल्या विजयमाला डॉक्टरीणबाईंनी त्याला सोडवलं, केशरबाईचं डोकं बांधलं आणि गहिनीनाथचा पाय हलकेच दाबला. चार-दोन काळे कण निघाले, चिमटीत चिरडले तर भुगा.

"ही बुरशी. मातीत असते. काट्याबरोबर आत गेली. काटा निघाला, ही राहिली आणि हाडापर्यंत खात गेली. पहिली गाठ आली तेव्हाच आणायचा होता."

नगरला गुडघ्याखाली पाय कापला.

पुढच्या सुगीला मच्छिंद्रच्या टाचेत काटा मोडला. सुई धरायला वस्तीवर कुणी धजेना. शेवटी तो केशरबाईच्या दारात मान खाली घालून उभा राहिला. तिनं काटा काढला, पाय साबणानं धुवायला लावला.

"गाठ आली तर दवाखान्यात जा," ती म्हणाली. "कुऱ्हाड घेऊन हितं येऊ नगं."

बाबांनो, काट्याला भ्यायचं असेल तर पायात वहाणा घाला. काटा काढणाऱ्या बाईच्या जिवावर उठू नका.