तिसऱ्या अर्थापुढचा क्रूस

ज्या अर्थाचा वापर संपला, त्याच्यापुढे आम्ही शब्दकोशात छोटा क्रूस छापतो. निधनाच्या बातमीत नावापुढे असतो, तसाच.

डच शब्दकोशाच्या आमच्या लायडनमधल्या कचेरीत ‘पार्टिकेल’ या शब्दाचं पान तयार झालं, तेव्हा त्यात तीन अर्थ होते: शास्त्रज्ञांचा सूक्ष्म कण, व्याकरणातलं अव्यय आणि चर्चच्या वेदीत जपलेला संताच्या अस्थीचा कण. आमची प्रमुख सीत्स्के हिने तिसऱ्यापुढे पेन्सिलने क्रूस मारला. तो अर्थ जिवंत आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी खाली सही केली. वाद घालणं मला जमत नाही.

कच्ची पानं रिवाजाप्रमाणे गावोगावी आम्हाला शब्द कळवणाऱ्यांकडे गेली. मंगळवारी सकाळी दक्षिणेतल्या ब्राबांत प्रांतातून द्रिका व्हान गेस्टेल यांचा फोन आला. चर्चची देखभाल करणाऱ्याची विधवा, वय एक्क्याण्णव. तिसरा अर्थ तीस वर्षांपूर्वी त्यांनीच पोस्टकार्डावर कळवला होता.

“लिंडेबोमसाहेब, मी मेले का हो?”

“छे, छे, बाई, असं काय...”

“मग क्रूस कुणाचा? आमचं चर्च विकलं. उद्या दहाला वेदी फोडून पार्टिकेल काढणार आणि माझ्या रुमालात ठेवणार. आणि तुम्ही छापता, हा शब्द कुणी बोलत नाही! मी काय मग भुंकते? सही कुणाची आहे पानावर?”

“माझी.”

फोन आपटल्याचा आवाज आला.

वापराचा पुरावा म्हणून त्यांचं पार्टिकेलचं वाक्य मी चिठ्ठीवर उतरवलं. नाव, गाव, तारीख घातली आणि सीत्स्केपुढे ठेवली. पान चार वाजता छापखान्यात जायचं होतं.

“अरे हार्मेन, फोनवरचं भांडण म्हणजे पुरावा नव्हे,” ती हसली. “म्हाताऱ्यांचं ऐकत बसलो तर एकही शब्द मरायचा नाही. बस, कॉफी घे.”

“नको.” माझा आवाज चिरकला. “तुझ्या मुलाने न्याहारीला वापरलेला शब्द गेल्या वर्षी आपण घेतला. तो पुरावा होता ना? क्रूस राहणार असेल तर माझी सही मी खोडतो. एका सहीवर पान जात नाही.”

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी बसलो नाही. सीत्स्केने रबर उचललं आणि क्रूस खोडला.

“झालं समाधान?”

मी द्रिकाबाईंना फोन लावला. “क्रूस काढला, बाई.”

“मी ओरडले म्हणून काढलात. जे ओरडत नाहीत त्यांचं काय?”

पुन्हा फोन आपटला.

त्या महिन्यात माझ्या सहीने तयार झालेली एकशे बारा पानं कपाटात होती. मी पहिलं काढलं आणि क्रूस शोधायला बसलो.