बिशपचा दुसरा डोळा

बिशपसाहेबांना दिसेनासं झालंय हे कळलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. यहुदी वैद्याकडून उपचार घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला चर्चबाहेर काढीन, असं याच गृहस्थानं भर प्रवचनात बजावलं होतं. माझा नवरा बोनाफोस मोतीबिंदूचा वैद्य. बारीक सुईनं ते बुबुळामागचा पांढरा पडदा खाली सारतात आणि माणसाला दिसायला लागतं. एब्रो नदीकाठच्या आमच्या शहरात हे काम दुसऱ्या कुणाला येत नाही. हुकूम निघाल्यापासून आंधळी माणसं चाचपडत आमच्या यहुदी वस्तीपर्यंत यायची आणि फाटकावरचा शिपाई त्यांना हाकलून द्यायचा. आमचे हे मात्र रोज सुया घासूनपुसून पेटीत ठेवायचे, जणू उद्याच कुणी बोलावणार आहे.

बोलावलं ते बिशपनंच. त्याचा चिटणीस बेलत्रान पाद्री, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतून नाक दाबत मागच्या दारानं आला. साहेबांना दिसायला लागलं तर हुकूम मागे घेऊ, असं त्यानं गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून सांगितलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, आंधळा आहे तोच बरा आहे. निदान नवे हुकूम वाचता तरी येत नाहीत त्याला."

"हुकूम उठला तर फाटकावरून हाकललेल्यांना दिसेल, ओरोविदा," ते म्हणाले, आणि पेटी उचलून गेले.

त्यांची पद्धत अशी की आधी एकच डोळा करायचा आणि तो नीट भरला की दुसरा. उजवा डोळा उत्तम झाला. पुढच्याच रविवारी बिशप कुणाचा हात न धरता व्यासपीठावर चढला आणि त्यानं जमलेल्या लोकांना सांगितलं, की स्वप्नात डोळे राखणारी संत लुसिया आली, पापणीला बोट लावून गेली. घंटा काय वाजल्या, मेणबत्त्या काय लागल्या! या बाई सुई धरायला कधी शिकल्या कोण जाणे. हुकूम तर उठला नाहीच. संत स्वतः बरं करत असताना यहुद्याची गरजच काय, असं म्हणून तो आणखी कडक झाला.

आता आंधळी माणसं चर्चच्या अंगणातल्या बाकावर येऊन बसायला लागली. विणकराची विधवा ग्रासिया त्यांच्यातच होती. हुकूम निघाला नसता तर तिचे डोळे कधीच झाले असते. ती दिवसभर तोंड वर करून बसायची, संत येईल म्हणून.

थोड्याच दिवसांत बेलत्रान पुन्हा मागच्या दारात हजर. साहेबांना डावीकडचं काही दिसत नाही, पायरीवर ठेचकाळले, दुसरा डोळा लवकर करायला हवा.

मी चुलीपासूनच म्हटलं, "संत लुसियाबाईंना सांगा की. आता त्यांना वाट माहीत झालीय."

बोनाफोसनी मला हातानंच गप्प केलं. "करीन," ते बेलत्रानला म्हणाले. "पण अंगणातल्या बाकावर, भर दुपारी. आधी तिथं बसलेल्यांचे, मग साहेबांचा."

"तुला ओढूनही नेता येईल, कळतंय ना?"

"न्या की. पण पाठीशी दंडुका असला की माझा हात कापतो. आणि तेव्हा सुई साहेबांच्या डोळ्यात असते."

माझा नवरा असं काही बोलू शकतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. निरोपाची वाट बघताना मीसुद्धा आशा धरली, वेडीसारखी. बसून त्यांचा चांगला झगा धुतला, त्यावरचं, आम्हा यहुद्यांना सक्तीनं लावावं लागतं ते लाल-पिवळं ठिगळ नव्यानं शिवलं. अंगणात जायचं तर नीटनेटकं जावं.

निरोप आला: देवाच्या कामाला एक डोळा पुरतो.

काल बाजारातून येताना मी बिशपला अंगणात पाहिलं. मान डावीकडे वळवून, भिंत चाचपत चालला होता. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. ग्रासियानं आशीर्वादासाठी डोकं वाकवलं, तेही भलत्याच बाजूला. त्यानं तिला पाहिलं. उजव्या डोळ्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं दिलेल्या डोळ्यानं, नीट पाहिलं आणि पुढे गेला. हट्टापायी सोडायला त्याच्याकडे एक डोळा जास्तीचा होता. बाकावरच्यांचे मात्र दोन्ही त्यानं सोडून दिले.