फोटोमागची ओळ

परिषदेची मुदत दुपारी बाराला संपत होती, आणि ठोंब्याचा शोधनिबंध अजून ताईच्याच लॅपटॉपवर अडकला होता. ठोंब्या हे घरातलं नाव. बाहेर तो संशोधक. वेबसाइट अंधांनाही वापरता याव्यात म्हणून दोन वर्षं घासलेली. आज निबंध गेला नाही तर विषय दुसऱ्याकडे देईन, असं गाइडने स्वच्छ सांगितलं होतं.

परिषदेचा नियम एकच: फाइल अंध माणसाला ऐकून वाचता आली पाहिजे. ताई जन्मापासून अंध, पेशाने फिजिओथेरपिस्ट, आणि निबंधातला मुख्य प्रयोगही तिच्यावरच झालेला. म्हणून शेवटची तपासणी तिच्याकडे. ती इअरफोन लावून भरभर ऐकत होती आणि याचा जीव टांगणीला.

मध्येच तिने इअरफोन काढून आवाज मोठा केला. लॅपटॉप बोलला, "चित्र तीन. अंध महिला बँकेच्या फॉर्मसमोर हतबल होऊन बसली आहे."

ही ओळ पडद्यावर दिसत नाही. ती फोटोमागे असते, फक्त ऐकणाऱ्यांसाठी. ठोंब्याने ती गडबडीत खरडली होती. पण ऐकणारी कोण, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

"हतबल? मी?"

"परीक्षकांच्या काळजाला भिडावं म्हणून गं, ताई."

"मग माझी परवानगी मागे."

परवानगी गेली की प्रयोग बाद, आणि प्रयोग बाद झाल्यावर निबंधात उरतं काय, कपाळ? बारा वाजत आले होते. लॅपटॉप ओढून बटण दाबावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

"काय लिहू, तूच सांग."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"बँकेच्या ऑनलाइन फॉर्मच्या प्रत्येक रकान्यावर लॅपटॉप नुसता 'लिहा, लिहा' म्हणायचा. काय लिहायचं, ते त्या फॉर्मने सांगितलंच नव्हतं. मग तू बँकेला फोन लावून चांगलंच झाडलंस."

"मग तेच लिही की."

त्याने टाइप केलं. लॅपटॉप बोलला, "चित्र तीन. महिला बँकेला फोन लावते आहे. तिच्यासमोरचा फॉर्म सदोष आहे."

"पाठव आता," ताई म्हणाली.

निबंध पोहोचल्याचा निरोप आला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"ठोंब्या, त्या फोटोत मी दिसते कशी रे?"

त्याने फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. "भयंकर चिडलेली."

"मग चांगला आलाय," ताई म्हणाली.